लाईन अडवायची की सरकवायची? खुंटी रोवल्यापासून तार ओढेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काय असतं

केज तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या शिवारातून ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) विजेची लाईन चालली आहे. चार एकर रान, तीन भाऊ, सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. रानाच्या मधोमध, विहिरीजवळ टॉवरच्या जागेची खुंटी रोवून लाल रंग फासलाय. ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव घेतलाय. कंपनीचा माणूस पाचशेच्या बाँडवर सही मागतोय आणि एक लाख रुपये एकरकमी द्यायला तयार आहे. "काका, लाईन अडवता येईल का? नाहीच अडली तर पैसे किती मागावेत? आणि या तारांखाली राहणं धोक्याचं आहे का?"

माझी बावीस वर्षं अशाच लाईनींच्या सर्व्हेत आणि उभारणीत गेली, बहुतेक लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात. तुमच्या रानात आज खुंटी रोवणारा जो माणूस आहे, तो एके काळी मी होतो. निवृत्तीनंतर शेतकऱ्यांचे कागद बघतो. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी कडू ते सांगतो. ४०० केव्हीची लाईन गावाने कायमची अडवली, असं माझ्या बघण्यात नाही. लांबली, वर्षभर रखडली, थोडी सरकली. पण रद्द झाली नाही. कारण कायदा. हा कायदा मूळ तारायंत्राचा, १८८५ सालचा. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं आणि बीडच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून वीज जाईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या कायद्याच्या कलम १० ने सरकारला तारेचे खांब कुणाच्याही जमिनीत रोवायचा अधिकार दिला. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने तोच अधिकार वीज कंपनीला देता येतो. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा रद्द केला, पण त्यातलं तिसरं प्रकरण वीज लाईनींसाठी मुद्दाम जिवंत ठेवलं. त्यामुळे "तो जुना कायदा आता राहिलाच नाही" असं कुणी गावात सांगत असेल तर ऐकू नका. आणि ज्या कंपनीकडे १६४ चे अधिकार आहेत तिला जमीनमालकाची आगाऊ संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

ग्रामसभेच्या ठरावाने लाईन थांबत नाही ती यामुळेच. किनवटच्या ज्या गावांना पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू आहे तिथे ग्रामसभेचं वजन वेगळं. केजमध्ये तो आधार नाही. पण ठराव घेतलाय तर वाया गेला असं समजू नका. त्याची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी मागता येते, आणि सगळं गाव एका कागदावर आहे हे त्यातून दिसतं.

मात्र एक गोष्ट सगळ्यात आधी विचारा: लाईन कुणाची, आणि कलम १६४ ची अधिसूचना कुठे आहे? महापारेषण (राज्याची) आणि पॉवरग्रिड (केंद्राची) या सरकारी वीजवाहिनी कंपन्यांकडे ते अधिकार आहेत. पण धाराशिव, बीडकडे आता पवनचक्क्या आणि सोलरमुळे खासगी लाईनींचं जाळं पसरतंय. कळंबला ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र उभं राहिलं तेच मुळी या भागातली अपारंपरिक वीज उचलण्यासाठी. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंत कंपनी स्वतःची ३३ केव्ही किंवा २२० केव्ही लाईन टाकते. तिच्याकडे १६४ ची अधिसूचना असेलच असं नाही. नसेल तर २००६ चे नियम लागतात, आणि त्यात मालकाची संमती घ्यावी लागते किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणावी लागते. म्हणजे तिथे तुमच्या सहीला खरी किंमत आहे. गंमत अशी की १६४ असलेली कंपनी सही मागत फिरत नाही, आणि सही मागत फिरणाऱ्याकडे बऱ्याचदा ती नसते. तुमच्याकडे बाँड घेऊन आलेल्या माणसाला हा एक प्रश्न लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत पेन खिशात ठेवा.

आता ज्यात खरोखर फरक पाडता येतो तिकडे येतो. लाईन गाव सोडून नेणं आणि टॉवर तुमच्या रानात पंधरा-वीस मीटर सरकवणं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आंदोलनात नेहमी पहिलीच मागितली जाते.

सरळ रेषेतला टॉवर हलका असतो, तारा नुसत्या लटकवून धरतो. लाईन एक-दोन अंशांपेक्षा जास्त वळवायची झाली की तिथे वळणाचा टॉवर लागतो. त्याचं लोखंड जास्त, पाया मोठा, खर्च काही पट. एक गाव टाळायचं तर दोन-तीन वळणं येतात. गुत्तेदार (ठेकेदार) आणि इंजिनिअर एवढे हटून बसतात ते यामुळे. पण सरळ लाईनीतला टॉवर लाईनीच्याच रेषेत पुढे-मागे करायला फारसं काही लागत नाही. ४०० केव्हीला दोन टॉवरमधलं अंतर साधारण ३५० ते ४०० मीटर असतं, त्यात पंधरा-वीस मीटर इकडे-तिकडे झाले तर हिशेब पुन्हा तपासून जमवता येतं. फळबागेवरून तार जात असेल तर टॉवरच्या पायांना तीन, सहा किंवा नऊ मीटरची जोड देऊन तार उंच घेता येते. हे सगळं कधी शक्य आहे? खुंटी रोवल्यापासून खड्डा खोदेपर्यंत. पायाचं लोखंड काँक्रिटमध्ये बसलं की पुढे कुणीही ऐकत नाही.

औसा तालुक्यातली गोष्ट आहे. आमची खुंटी एका शेतकऱ्याच्या विहिरीपासून दहा-बारा पावलांवर आली होती. चूक आमचीच. सर्व्हे उपग्रहाच्या जुन्या चित्रावर केला होता, विहीर नंतर खोदलेली, त्यात ती दिसतच नव्हती. त्या माणसाने आरडाओरडा केला नाही. गटाच्या नकाशाची प्रत आणली, त्यावर विहीर, पाईपलाईन, बांध, वाट, सगळं टेपने मोजून लिहिलं, आणि अर्जात एकच वाक्य टाकलं: टॉवर माझ्याच गटात घ्या, पण अठरा मीटर पूर्वेला, बांधावर. दुसऱ्या दिवशी आम्ही खुंटी हलवली. त्याच लाईनीवर शेजारच्या गावाने आठ महिने काम बंद ठेवलं. घोषणा झाल्या, पुढारी येऊन गेले, शेवटी पोलीस आले, आणि टॉवर जिथे खुंट्या होत्या तिथेच उभे राहिले. त्या आठ महिन्यांत कुणी एक मीटरही सरकवून मागितला नव्हता, कारण सरकवून मागणं म्हणजे लाईन मान्य करणं असं त्यांना वाटलं. त्यांचा राग मला कळत होता. पण कागदावर काहीच मागणी नसलेल्या माणसाला द्यायचं तरी काय?

कायद्यातलं तुमच्या बाजूचं वाक्य याच कलम १० मध्ये आहे: शक्य तितकं कमी नुकसान करायचं, आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. अर्जात हे वाक्य लिहा आणि खाली मोजमापं द्या. अर्ज कंपनीला, उपविभागीय अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. तिन्हीकडची पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पुरावा म्हणून बरा, अर्ज म्हणून नाही.

पैशाचं. इथे बहुतेक गावांची नजर चुकीच्या जागी असते. सगळे टॉवरचे पैसे मोजत बसतात. ४०० केव्हीच्या टॉवरचा पाया बारा बाय बारा मीटर धरला तर १४४ चौरस मीटर होतो, दीड गुंठासुद्धा नाही. खरं नुकसान तारांखालच्या पट्ट्यात आहे. ४०० केव्हीसाठी हा पट्टा ४६ मीटर रुंद, २२० साठी ३५, १३२ साठी २७, आणि ७६५ च्या डबल सर्किटला ६७ मीटर. तुमच्या रानातून लाईन १२० मीटर लांब जात असेल तर ५,५२० चौरस मीटर पट्ट्यात गेले. म्हणजे साडेचौपन्न गुंठे, चार एकरांतला सव्वा एकराहून जास्त. त्यात पुढे घर नाही, गोठा नाही, उंच झाड नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते, संपादन होत नाही, आणि म्हणूनच रस्त्यासाठी जमीन गेलेल्या पाहुण्यांना जसे चारपट मिळाले तसे इथे मिळत नाहीत. २०१३ चा भूसंपादन कायदा याला लागूच होत नाही.

राज्याच्या ३१ मे २०१७ च्या शासन निर्णयात टॉवरखालच्या जमिनीला रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमीन दराच्या) दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्के असं ठरलं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १४ जून २०२४ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात टॉवरच्या चार पायांमधली जागा अधिक चारही बाजूंनी एकेक मीटर, तिला २०० टक्के, आणि पट्ट्याला ३० टक्के. समजायला सोपं म्हणून तुमच्या भागातला दर हेक्टरी १० लाख धरू (खरा दर तलाठ्याकडे किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गटानुसार बघा). जुन्या हिशेबाने टॉवरचे २८,८०० आणि पट्ट्याचे ८२,८०० होतात, मिळून १,११,६००. २०२४ च्या हिशेबाने टॉवरचे ३९,२०० आणि पट्ट्याचे १,६५,६००, म्हणजे २,०४,८००. आणि यात पीक, झाडं, पाईपलाईन काहीच धरलेलं नाही. आता त्या एकरकमी लाखाकडे बघा. तुमच्या लाईनीला कोणता शासन निर्णय लावला आहे आणि दर कोणत्या वर्षाचा धरला आहे, हे लेखी मागा. सरकारी कचेरीतल्या कागदाला माहितीचा अधिकार चालतो, खासगी कंपनी दाद देत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाका.

आपल्याकडची खरी रड रेडी रेकनरची आहे. कोरडवाहू म्हणून नोंद, दर कमी, आणि तुम्ही तर बोअर पाडून, ठिबक टाकून दोन पिकं घेताय. म्हणून जमीन बागायत असेल तर पीकपेऱ्यात तसं लागलेलं हवं. ई-पीक पाहणीत विहीर, बोअर, मोसंबीची झाडं नोंदवलेली नसतील तर आज नोंदवा. पाया खोदल्यानंतर केलेली नोंद सगळ्यांनाच संशयास्पद वाटते.

पिकाचं नुकसान एकदा होत नाही, तीनदा होतं. पाया खोदताना, टॉवर चढवताना आणि तार ओढताना. यांत कधी कधी दीड वर्षाचं अंतर पडतं. पहिल्या वेळी सोयाबीन असतं, दुसऱ्या वेळी तूर, तिसऱ्या वेळी ऊस. प्रत्येक वेळी वेगळा पंचनामा व्हायला हवा, तोही काम सुरू होण्याआधी उभ्या पिकाचा फोटो काढून. तार ओढणाऱ्या गँगचं नुकसान सगळ्यात जास्त आणि त्याचाच पंचनामा सगळ्यात कमी वेळा होतो, कारण ते दोन दिवसांत येऊन निघून जातात. एका गुत्तेदाराने ऐन येळवशीला (वेळा अमावास्येला) गँग पाठवली होती. सगळी गावं रानात, कोपीजवळ आंबिलाचे बिंदगे, आणि हे विंच घेऊन ज्वारीत शिरले. पोरं बंगाल-झारखंडची, त्यांना येळवस काय माहीत. मार खायची वेळ त्यांच्यावर आली, गुत्तेदार गाडीत बसून पुढच्या गावाला.

बाँडबद्दल. "पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला, भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही" असं वाक्य असलं तर सही करू नका. पैसे घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहा. मोबदला कमी वाटला तर त्याच १८८५ च्या कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, आणि तो अर्ज तीन वर्षांच्या आत करावा लागतो. केरळ वीज मंडळाच्या १९७६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीचा हा मुद्दा निकाली काढला. कितीतरी लोक माझ्याकडे चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, हातात पेपरची कात्रणं असतात, कोर्टात कधी गेलेलेच नसतात. जिल्हा न्यायाधीशांसमोर काय मांडायचं, तेही केरळच्याच २००७ च्या लिव्हिशा प्रकरणात आलंय: जमीन कुठे आहे, तार रानातून किती लांब जाते, कडेने गेली की मधून, उरलेल्या तुकड्याचा उपयोग किती. तुमची खुंटी मधोमध आहे, त्यामुळे शेवटचे दोन मुद्दे तुमचे. न्यायाधीशांचा निर्णय अंतिम असतो, नेहमीसारखं अपील नाही. पुढे जायचं तर थेट उच्च न्यायालयात रिट. म्हणून पहिल्याच अर्जात वकील बरा बघा.

पोलीस आणले तर? विरोध झाला तर कंपनीने जिल्हाधिकाऱ्यांकडून कलम १६(१) चा आदेश आणायचा असतो. शांतपणे तो आदेश दाखवायला सांगा, प्रत मागा, तारीख बघा. आदेशाआधी तुमचा अर्ज आणि सुनावणीची मागणी नोंदलेली असेल तर तुमची बाजू बळकट. आदेशानंतर आडवं पडलात तर गुन्हा होतो, आणि कुणी सरकारी कर्मचाऱ्याच्या अंगावर गेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं पुढे उभी करू नका. त्यांच्या आयुष्याचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

गावाच्या एकीबद्दल अनुभवाचं एक. गावं फुटतात ती रेतीवर, मुरमावर, पाण्याच्या टँकरवर आणि भाड्याच्या बोलेरोवर. ही कामं कुणाला द्यायची हे गुत्तेदार आल्या आल्या ठरवतो आणि मी ते अनेकदा बघितलंय. म्हणून समिती करायची तर ज्यांच्या गटातून लाईन जाते त्यांचीच करा, गट नंबर लावून. बाकीच्यांचा पाठिंबा घ्या, पण वाटाघाटीला त्यांना नको. आणि कुणाला किती मिळाले हे सगळ्यांना माहीत असू द्या. लपवलेला चेक हाच समितीचा शेवट असतो.

तारांखाली राहण्याचं विचारलंय. पट्ट्यात घर बांधूच देत नाहीत. शेतीकाम करायला हरकत नाही. ४०० केव्हीची तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर उंच ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राला "कर्करोगाची शक्यता असू शकते" या गटात टाकलं, तो पुरावा लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबाबतचा होता आणि मर्यादित होता. भीतीपोटी रान विकावं असं त्यात काही नाही. मला काळजी वेगळ्याची वाटते. बोअरची गाडी तारेखाली मास्ट (उंच लोखंडी खांब) उभा करते, त्यात माणसं मेली आहेत. पाचट तारांखाली पेटवलं तर धुरातून आणि धगीतून वीज खाली उतरू शकते. तारकुंपणाला झिणझिण्या येतात, त्याला जागोजागी अर्थिंग द्या. पावसाळी हवेत तारांचा चरचर आवाज येतो, तो नेहमीचाच, घाबरू नका.

"लाईन आमच्या डोक्यावरून आणि मोटारीला लाईट रात्री बारानंतर," असंही तुम्ही लिहिलंय. हा राग मी चाळीस गावांत ऐकला असेल. ४०० केव्हीतून थेट गावाला वीज देता येत नाही. तुमची अडचण ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात आणि जळणाऱ्या डीपीत आहे. पण वाटाघाटीला बसाल तेव्हा गावची ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांसमोर जरूर मांडा. कायद्याने ती या लाईनीशी जोडलेली नाही, तरी काम अडलेलं असताना अधिकारी जेवढं ऐकतात तेवढं नंतर ऐकत नाहीत.

एक कलम फार कुणाला माहीत नसतं. लाईन झाल्यावरही त्या जमिनीचा वेगळा उपयोग करायचा असेल तर त्याच जुन्या कायद्याच्या कलम १७ खाली तार दुसऱ्या भागात किंवा उंच करून मागता येते. मोबदला आधी घेतलेला असेल तर हलवण्याचा खर्च किंवा घेतलेल्या मोबदल्याच्या निम्मी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरावी लागते. कंपनीने ऐकलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. पुढे रस्त्याकडेला रान एनए (बिगरशेती) करायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

आता तुमचं स्वतःचं. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे आज चेक निघाला तरी तुमच्या तिघांपैकी कुणाच्याच नावाने निघणार नाही. वारस नोंदीत आत्यांची नावं लागतात, हे भावांना आधीच सांगा, नाहीतर भांडण कंपनीशी राहील बाजूला आणि घरात सुरू होईल. जमीन जुनी इनामी किंवा वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का तेही फेरफारावर बघून घ्या, त्यात पैसा वेगळाच अडकतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन या आठवड्यात तलाठ्याकडे जा. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं, आणि तुमच्या वर्णनावरून पायाचं खोदकाम तुमच्यापासून दोन-तीन टॉवर अलीकडे आलेलं दिसतंय. नोंद लागेपर्यंत तिघांच्या सहीने खुंटी सरकवण्याचा अर्ज मात्र टाकून ठेवा. विहिरीपासून बांधापर्यंत टेप लावा आणि बांध लाईनीच्या रेषेत कुठे येतो ते नकाशावर खुणा करून त्याला जोडा.